सातवीच्या वर्गात दोन शिक्षक, सायन्सची बाई आणि इंग्लिशचे सर : कोणी करून पाहिलंय का?

म्हादईकाठची (रविवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कुलात सायन्स शिकवते, चौदावं वर्ष चालू आहे. इथे बरीच वर्षं नुसती वाचक होते, धागा पहिलाच. लांबण लागणार, आधीच सांगते.

गेल्या युनिट टेस्टचे सातवीचे पेपर तपासत होते. प्रश्न होता, 'स्टेट एनी टू प्रॉपर्टीज ऑफ मेटल्स.' एका पोराने सुवाच्य अक्षरात उत्तर लिहिलं होतं : १) गोवा २) कर्नाटक.

हसू आलं. स्टाफरूममध्ये पेपर फिरला, सगळे हसले, मीही हसले. दुपारी त्याला बोलावून घेतलं आणि मराठीत विचारलं, बाबा, लोखंड-तांब्याचे दोन गुणधर्म सांग बघू. त्याने चार सांगितले. ठोकलं की पत्रा होतो, ओढलं की तार होते, घासलं की चकाकतं, एका टोकाला तापवलं की दुसरं टोक चटका देतं. बाप वेल्डिंगचं काम करतो त्याचा. पेपरात मात्र त्याला मी शून्य दिला होता.

तेव्हापासून डोक्यात एकच. मी सायन्स तपासते आहे की इंग्लिश?

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं. आमच्या सरकारी प्राथमिक शाळा बहुतेक मराठी, काही कोंकणी. चौथीपर्यंत पोरं त्यातच शिकतात. पाचवीला हायस्कुलात आली की गणित, सायन्स, सोशल, सगळं इंग्लिशमधून. पूल नाहीच, फेरीबोटसुद्धा नाही. पोहायला येत असेल तर पलीकडे जा.

तर आमच्या इंग्लिशच्या सरांना मी विचारलं, आठवड्यातून एक पिरियड माझ्या सायन्सच्या वर्गात याल का? म्हणाले, येतो, पण करायचं काय? तिथेच अडलंय. दोघांनी एका वर्गात उभं राहायचं म्हणजे नक्की काय करायचं? कोणी केलंय का? हेडमास्तरांनी 'करून बघा' म्हटलंय, म्हणजे झालं तर शाळेचं नाव, फसलं तर आमचं.

माध्यमाचा वाद कृपया इथे नको. त्यासाठी दुसरे शंभर धागे आहेत.

---

कदंबचा_पास (रविवार, रात्री १०:०५)

गोवा, कर्नाटक! म्हादईच्या पाणीवाटपाचा निकाल लावला की पोराने. 😄

पालक म्हणून वाचतेय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

जुना_खडू (रविवार, रात्री १०:५२)

मी निवृत्त हेडमास्तर, एकतीस वर्षं डिचोली तालुक्यात काढली. हेतू चांगला आहे, पण माझं तोंड कडू आहे, माफ करा.

पहिला प्रश्न टाईमटेबलचा. इंग्लिशच्या सरांचा तो पिरियड कागदावर कोणाच्या नावावर धरणार? वर्कलोडमध्ये एका वर्गाला एका वेळी एकच शिक्षक मोजतात. म्हणजे ते स्वतःचा फ्री पिरियड तुम्हाला देणार. दोन आठवडे देतील. तिसऱ्या आठवड्यात कोणी रजेवर जाईल आणि प्रॉक्सी त्यांच्याच गळ्यात पडेल, कारण सुपरवायझरच्या तक्त्यात ते रिकामे दिसतात.

दुसरं. माध्यमाचा वाद नको म्हणता, मान्य, पण निदान इतिहास तरी माहीत असू द्या. १९९० पासून प्राथमिकचं सरकारी अनुदान मराठी आणि कोंकणी शाळांनाच होतं. २०११ ला ते इंग्लिश प्राथमिकलाही खुलं झालं आणि रान पेटलं. या सगळ्या वर्षांत भांडण चाललं ते पहिली ते चौथीवर. पाचवीच्या उंबरठ्यावर पोराचं काय होतं यावर एकही मोर्चा निघाल्याचं मला आठवत नाही. एवढंच. गप्प बसतो.

---

जर्सीसिटीकर (सोमवार, पहाटे ४:२०)

मूळ म्हापशाची, आता न्यू जर्सीत. तुमच्या पहाटे आमची संध्याकाळ, म्हणून ही वेळ. गेली नऊ वर्षं मी हेच काम करते : दुसऱ्या शिक्षकाच्या वर्गात जाऊन त्याच्याबरोबर शिकवायचं, इंग्लिश नव्याने शिकणाऱ्या मुलांसाठी. माझ्या वर्गात स्पॅनिश, गुजराती, अरबी बोलणारी मुलं आहेत. तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

इथे हे कोणाच्या चांगुलपणावर चालत नाही, त्यामागे कायदा आहे. १९७४ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात लाउ विरुद्ध निकल्स हा खटला गाजला. सॅन फ्रान्सिस्कोतल्या सुमारे १,८०० चिनी मुलांना इंग्लिश येत नव्हतं आणि त्यासाठी वेगळी मदतही मिळत नव्हती. शाळेचं म्हणणं, सगळ्यांना तीच पुस्तकं, तेच शिक्षक, तोच वर्ग देतो, मग भेदभाव कुठला? कोर्ट म्हणालं, जे पोराला कळतच नाही ते सगळ्यांना सारखं वाटलं म्हणून समानता होत नाही. (शब्द माझे, आशय कोर्टाचा.)

त्यानंतर बराच काळ मुलांना वर्गातून उठवून वेगळ्या खोलीत नेऊन इंग्लिश शिकवायचे. इकडे वर्ग पुढे सरकायचा. पोरगं परत यायचं तोवर फळा पुसलेला. म्हणून मग शिक्षकच वर्गात यायला लागला.

दोघांनी मिळून शिकवण्याच्या पद्धती मूळ विशेष शिक्षणातल्या आहेत. मॅरिलिन फ्रेंड आणि लिन कुक या दोघींनी त्यांची सहा प्रकारांत मांडणी केली. एक शिकवतो, दुसरा निरीक्षण करतो. एक शिकवतो, दुसरा फिरून मदत करतो. वर्गात ठिकाणं करून मुलं गटागटाने फिरवायची. वर्गाचे दोन भाग करून दोघांनी तोच धडा एकाच वेळी घ्यायचा. एकाने चार-सहा मुलं बाजूला घेऊन वेगळं शिकवायचं. आणि शेवटी दोघांनी एकत्र, बोलत बोलत, एकच धडा.

यातला 'दुसरा फिरून मदत करतो' हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात फसवा. सगळे तिथेच सुरू करतात आणि तिथेच मुक्काम ठोकतात. मग इंग्लिशचा शिक्षक 'गप्प बस, पान उलट, पेन्सिल काढ' एवढ्यापुरता उरतो. पहिल्या वर्षी मी तेच केलं. जूनमध्ये एका मुलाने मला कार्ड दिलं, 'थँक यू हेल्पर.' रडू यायचं बाकी होतं.

माझा एकच सल्ला : वर्गात एकत्र उभं राहायची घाई करू नका. त्याआधी वीस मिनिटं एकत्र बसा. धडा उघडा. बाईंनी सांगायचं, यातून सायन्सचं काय कळायला हवं. सरांनी विचारायचं, ते कळलंय हे दाखवायला पोराला कोणतं वाक्य बोलावं किंवा लिहावं लागेल. दोन उद्दिष्टं, एक विषयाचं, एक भाषेचं. वहीत दोन ओळी. ती वीस मिनिटं मिळत नसतील तर वर्गातली चाळीसही फुकट.

---

वास्को_द_मास्तर (सोमवार, सकाळी ७:१५)

जर्सीसिटीकरबाय, प्रतिसाद आवडला. पण तुमच्या आणि सत्तरीच्या वर्गात बसत नाहीत अशी माझी पोरं आहेत, म्हणून लिहितो.

मुरगाव तालुक्यात गणित शिकवतो. माझ्या सहावीत घरी कन्नड बोलणारी आहेत, लमाणी बोलणारी आहेत, हिंदीवाली आहेत, थोडी कोंकणी. यातल्या बऱ्याच जणांनी चौथीपर्यंत मराठीतून केलं, म्हणजे मराठी ही त्यांची दुसरी भाषा, इंग्लिश तिसरी. 'मराठीत समजावून सांगितलं की कळतं' हा सत्तरीचा उपाय माझ्याकडे अर्ध्या बाकांवरच चालतो.

मी हिंदीच्या मॅडमबरोबर वर्षभर केलं. काय शिकलो ते थोडक्यात. गणितातले साधे दिसणारे शब्द जास्त घात करतात. 'हायपोटेनूज' कोणालाच येत नसतो, त्यामुळे तो सगळ्यांना शिकवला जातो. पण 'टेबल'? पोराला टेबल म्हणजे जेवायचं टेबल, टेबल म्हणजे पाढा, आणि पुस्तक म्हणतं 'कम्प्लीट द टेबल', म्हणजे कोष्टक. 'व्हॉल्यूम' म्हणजे टीव्हीचा आवाज. 'मॅटर' म्हणजे बाजारात झालेलं भांडण. शिक्षकाला वाटतं हे शब्द येतातच, म्हणून कोणी थांबत नाही.

आणि एक फजिती. एकदा वर्गात मॅडम 'वजन'ला 'मास' म्हणाल्या, मी तिथल्या तिथे टोकलं. बरोबर मी होतो. पण त्यानंतर महिनाभर पोरं मॅडमनी काही सांगितलं की माझ्याकडे बघायची. वर्गात चूक सुधारायची कशी हे आधी ठरवून ठेवा. आता आमची खूण आहे : चूक दिसली की मी विचारतो, 'मॅडम, हे मला परत एकदा सांगाल?' त्या समजतात.

---

चवथीची_बाई (सोमवार, दुपारी ३:३०)

धागा वाचून गप्प बसणार होते, राहवेना.

मी सरकारी प्राथमिक शाळेत आहे. पहिली ते चौथी, एकूण चौदा मुलं, एक खोली, एक मी. तुम्ही दोघं एका वर्गात कसं शिकवायचं याची चर्चा करताय. मी एकटी चार वर्गांना एका वेळी शिकवते. अधूनमधून मिड-डे मीलच्या पावभाजीचा हिशोबही लिहिते.

हायस्कूलवाले भेटले की ठरलेलं वाक्य : 'बाई, तुमची पोरं कच्ची येतात.' म्हादईकाठची यांनी तसं म्हटलेलं नाही हे खरं, पण 'पोहायला येत असेल तर' वाचून लागलंच.

माझी पोरं कच्ची नाहीत. मागच्या मार्चमध्ये चौथीच्या मुलीने मला मीठ कसं होतं ते सांगितलं. तिची मावशी पेडण्याला, आगरवाड्याला, तिथे मिठागर पाहिलेलं. खाडीचं पाणी आत घ्यायचं, कोंडायचं, उन्हाने पाणी 'उडतं', मीठ खाली राहतं. मी विचारलं, पावसात का नाही करत? म्हणाली, बाई, उडालं तेवढंच वरून परत पडेल की! हेच तुमच्या सातवीत 'इव्हॅपोरेशन' नावाने येईल आणि तिला ते पहिल्यांदाच शिकतोय असं वाटेल, कारण तिला कोणी विचारणारच नाही, तुला हे आधीपासून माहीत आहे का म्हणून.

दोन शिक्षकांची जोडी लावायचीच तर एक चौथीची आणि एक पाचवीचा अशी लावा. वर्षात दोनदा भेटा. एवढंच.

---

म्हादईकाठची (सोमवार, रात्री ८:१०)

बाई, माफ करा. नदीचं वाक्य पोरांना ढकलणाऱ्यांबद्दल होतं, तुमच्याबद्दल नव्हतं, पण लिहिताना मी कोण वाचेल याचा विचार केला नाही. आणि 'उडालं तेवढंच परत पडेल' हे मी वर्गात वापरणार आहे, मुलीचं नाव न घेता.

---

जर्सीसिटीकर (मंगळवार, पहाटे ५:००)

चवथीची बाई, तुम्ही जे सांगितलंत त्यावर आमच्या सगळ्या धंद्याचा पाया उभा आहे. कॅनडातले जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये दोन गोष्टी वेगळ्या काढून दाखवल्या. एक, मैदानावरची, दुकानातली, मित्रांतली बोलायची भाषा, ती साधारण दोनेक वर्षांत येते. दुसरी, पुस्तकातली, पेपरातली, 'कारणे द्या'वाली भाषा. तिला पाच ते सात वर्षं लागू शकतात. मूल फाडफाड बोलायला लागलं की शिक्षक म्हणतो, आता याला सगळं येतं, आणि नेमका तिथेच आधार काढून घेतो. पाचवीला इंग्लिशमध्ये आलेलं पोर सातवीत असतं तेव्हा त्याचं तिसरं वर्ष चालू असतं. हिशोब करा.

कमिन्स यांचं दुसरं म्हणणं असं की एका भाषेत पक्कं झालेलं ज्ञान दुसऱ्या भाषेत नव्याने शिकावं लागत नाही, त्याला फक्त नवे शब्द लागतात. म्हणजे मिठागर त्या मुलीच्या डोक्यात आहेच. वास्कोच्या मास्तरांच्या वर्गात तेच कन्नडमधून असेल. शिक्षकाला कन्नड यायला हवं असं नाही, दोन कन्नड बोलणाऱ्या मुलांना आपसात तीन मिनिटं त्यांच्या भाषेत बोलू द्यायला हवं. मग इंग्लिश.

---

रोखठोक_रायबंदर (मंगळवार, सकाळी १०:०२)

आमच्या वेळी असले लाड नव्हते. मराठीतून चौथी, मग थेट इंग्लिश, एक मास्तर, एक छडी. शिकलोच ना?

---

कदंबचा_पास (मंगळवार, सकाळी १०:४०)

@रोखठोक_रायबंदर, जे शिकले ते इथे टंकतायत. माझे दोन मामा आठवीतून बाहेर पडले, ते या संकेतस्थळावर नाहीत, म्हणून त्यांचं मत तुम्हाला दिसत नाही.

विषयाचं बोलते. माझा मुलगा सहावीत. गेल्या वर्षी त्याला 'रेमेडियल'ला काढलं. कधी? पीटीच्या पिरियडला! इंग्लिश किती सुधारलं माहीत नाही, पण तो पिरियड बुडाल्याचं दुःख घरी रोज ऐकलं. वर पोरं चिडवायची, 'रेमेडी, रेमेडी'. म्हणून विचारते : वर्गात दुसरे सर आले आणि तेही माझ्याच पोराच्या बाकाशी येऊन उभे राहिले, तर ते चिडवणं आता सगळ्यांसमोर होणार नाही का?

---

वास्को_द_मास्तर (मंगळवार, दुपारी १:२०)

होतं ना, आमच्याकडे झालं. उपाय साधा : दोघांनीही सगळ्या बाकांपाशी जायचं. आणि मधूनमधून मॅडमनी हुशार समजल्या जाणाऱ्या पोरांचा गट घ्यायचा, मी बाकीच्यांचा. कोण कोणाचा शिक्षक हे पोरांना कळता कामा नये.

---

म्हादईकाठची (तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ९:१५)

मंडळी, आले परत. वृत्तांत.

पहिला आठवडा फसला. मी शिकवत होते, सर मागे उभे. पिरियड संपल्यावर दोघांनाही ओशाळल्यासारखं झालं. जुना_खडू यांचं भाकीत मात्र चुकलं : प्रॉक्सी तिसऱ्या आठवड्यात येईल म्हणाले होते, ती दुसऱ्यातच आली. सर आठवीला गेले, मी एकटी.

मग जर्सीसिटीकर यांचं ऐकलं. शनिवारी शाळा सुटल्यावर कँटीनमध्ये वीस मिनिटं, चहा आणि मिरची भजी. धडा होता उष्णतेचा, 'कंडक्शन'. मी म्हटलं, पोरांना कळायला हवं की उष्णता काही पदार्थांतून सहज जाते, काहींतून नाही. सर म्हणाले, ठीक, आणि हे लिहायला त्यांना 'बिकॉज' लागेल. बघा, ती 'बिकॉज' आणि 'सो' उलटसुलट वापरतात. मी चौदा वर्षं पेपर तपासते. कारणाच्या जागी परिणाम लिहिलेला दिसला की मी 'कन्सेप्ट क्लिअर नाही' असा शेरा मारायचे. त्यातले किती जण फक्त 'सो'मध्ये अडकलेले होते, देव जाणे.

वर्गात गरम पाण्याचं पातेलं, त्यात एक स्टीलचा चमचा आणि एक करटीची दवली (नारळाच्या करवंटीची पळी). पाच मिनिटांनी पोरांनी येऊन हात लावायचा. मी मुद्दाम कोंकणी-मराठीत विचारलं, काय झालं? 'टीचर, चमचो तापला, करटी तापना.' सर फळ्याच्या उजव्या बाजूला उभे. पोरं जे बोलतील ते त्यांनी तसंच्या तसं देवनागरीत लिहिलं. खाली अर्धवट वाक्य : 'द स्पून इज हॉट बिकॉज ____.' 'द लेडल इज नॉट हॉट बिकॉज ____.' ते अर्ध वाक्य आम्ही कोणी भरलं नाही, बाकाबाकावर पोरांनी भरलं.

मजा पुढे आहे. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, टीचर, कंडक्टर तर बसमधला ना? सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, बसमधला कंडक्टर काय करतो? तिकीट देतो. आणि? माणसांना पुढे सरकवतो! 'फुडें वचात, फुडें वचात!' मग सर म्हणाले, चमचा उष्णतेला तेच म्हणतोय, पुढे चला. आणि करटी? एक पोरगा ओरडला, 'करटी म्हणटा, बस फुल्ल!'

मला हे आयुष्यात सुचलं नसतं. (इंग्लिशमध्येही दोन्ही कंडक्टरांचं मूळ एकच, वाट दाखवत नेणं, हे सरांनी नंतर सांगितलं.)

आणि एक गोष्ट, जी कुठल्याच प्रकारात बसत नाही. सरांनी मध्येच मला खरोखरचा प्रश्न विचारला, नाटकातला नव्हे. 'टीचर, मग सकाळी तोच स्टीलचा चमचा हाताला लाकडापेक्षा थंड का लागतो? दोन्ही तर एकाच टेबलावर होते.' मी सांगितलं, दोन्हींचं तापमान सारखंच असतं, पण स्टील आपल्या हाताची उष्णता भराभर घेऊन जातं, म्हणून थंड भासतं. वर्ग एकदम शांत. मोठ्या माणसाला एखादी गोष्ट माहीत नसते आणि तो सगळ्यांदेखत विचारतो, हे पोरांनी बहुतेक पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवशी पिरियड संपेपर्यंत सात हात वर आले. माझ्या वर्गात एरवी दोन येतात, तेही टॉयलेटला जायला.

आता भांडणाचं. पुढच्या टेस्टचा पेपर आम्ही एकत्र काढला. माझं म्हणणं, 'स्टेट' काढून 'राईट' घालू, पोरांचा जीव सुटेल. सरांचा ठाम नकार. दहावीला बोर्डाच्या पेपरात 'स्टेट' येणार, 'जस्टिफाय' येणार, 'डिस्टिंग्विश' येणार, तेव्हा तू असशील का शेजारी उभी? शेवटी शब्द ठेवला. पण टेस्टच्या आधी आठवडाभर अशी आठ क्रियापदं वर्गाच्या भिंतीवर लावली, प्रत्येकाखाली एक नमुना उत्तर. 'स्टेट'खाली कोणीतरी पेन्सिलने गोव्याचा नकाशा काढून ठेवलाय. पुसला नाही.

निकाल सगळ्यांचा सुधारला असं लिहिणार नाही. चौघांचा अजिबात नाही, आणि त्यांचं कारण भाषेच्या पलीकडचं असावं. पण वेल्डिंगवाल्याच्या पोराला दोनपैकी दोन.

---

जुना_खडू (शनिवार, रात्री १०:३०)

भाकीत चुकलं याचं वाईट वाटलं नाही. बरं, काम सांगतो. पुढच्या वर्षीचं टाईमटेबल बसायच्या आधीच हेडमास्तरांना भेटा आणि तुम्हा दोघांचा आठवड्यातला एक फ्री पिरियड एकाच वेळी मागून घ्या. वर्गातल्या दोन शिक्षकांचं मागू नका, ते कागदावर बसत नाही. दोन फ्री पिरियड एका रांगेत आणणं मात्र सुपरवायझरच्या हातात असतं, त्याला वरून कोणाची परवानगी लागत नाही. मी एकतीस वर्षांत हे कोणासाठी केलं नाही. कोणी मागितलंच नव्हतं.

---

चवथीची_बाई (रविवार, सकाळी ११:००)

करटीची दवली वाचून बरं वाटलं. मी चौथीच्या परिसर अभ्यासातले साठेक शब्द काढलेत : बाष्पीभवन, विरघळणे, मुळे, दिशा, कारण, म्हणून. 'कारण' आणि 'म्हणून'चा घोळ मराठीतही होतो हो, आम्ही चौथीत तेच करत असतो! शेजारी इंग्लिश शब्दांची जागा रिकामी ठेवलीय. ती तुम्ही भरा.

---

स्पेलिंगवाला (रविवार, रात्री ९:०५)

नमस्कार. मी तेच इंग्लिशचे सर. टीचरनी लिंक पाठवली म्हणून सदस्य झालो.

माझी बाजू. स्टाफरूममध्ये इंग्लिशच्या शिक्षकाकडे लोक दोन कामांसाठी येतात, अर्ज तपासून घ्यायला आणि गॅदरिंगचं सूत्रसंचालन गळ्यात मारायला. सायन्सच्या धड्यात माझं काय काम, हा प्रश्न मलाही होता. पहिल्या आठवड्यात मागे उभा होतो तेव्हा लग्नातल्या दुसऱ्या फोटोग्राफरसारखं वाटत होतं, सगळीकडे आहे पण कोणाला नको आहे.

थंड चमच्याचा प्रश्न खरा होता. सातवीत असताना मला तो पडला होता, विचारायला इंग्लिश सुचलं नव्हतं.

उलट फायदाही झाला, तो टीचरनी लिहिला नाही. माझ्या इंग्लिशच्या तासाला निबंध असतो, 'अ रेनी डे'. वर्षानुवर्षं तेच कागदाच्या होड्या आणि गरम भजी. या वेळी एकाने त्यात लिहिलं, पाऊस पडतो 'बिकॉज' वर गेलेली वाफ थंड होते. निबंध म्हणून रुक्ष, पण 'बिकॉज' जागेवर. मार्क दिले.

बाई, तुमची साठ शब्दांची यादी पाठवा, मी इंग्लिश भरतो, अर्थाचा घोळ टीचर बघतील. चतुर्थीच्या सुटीआधी तुमच्या शाळेत येऊन गेलं तर चालेल का? दुपारचं येतो, चौथीच्या मुलांशी फक्त गप्पा, मराठीत.

टीचर, पुढचा धडा ॲसिड-बेसचा. जास्वंद माझ्या दारात भरपूर आहे, ती मी आणतो. हळद आणि सोलां (कोकम) तुमच्याकडे. आणि बुधवारी दुसऱ्या पिरियडला मला प्रॉक्सी लागलीय, आत्ताच मेसेज आला. गुरुवारी घेऊ.